दुसरा ड्रॉप कोणाचा? एका मॅशअपचं प्रकरण

पार्श्वभूमी

मॅशअप (एका गाण्याचा आवाज दुसऱ्याच्या संगीतावर चढवून केलेलं गाणं) बनवणाऱ्या या मुलाला इथे रव म्हणू आणि गाणाऱ्या त्याच्या मैत्रिणीला साद. दोघांची नावं बदलली आहेत. ज्या गाण्यावरून सगळं घडलं ते गाणं आणि जिथे घडलं त्या साइट यांची नावंही मुद्दाम घेत नाही. मी या प्रकरणाचा साक्षीदार आहे आणि थोडासा गुन्हेगारही. का, ते पुढे येईल.

रव दिवसा नोकरी करतो, रात्री मॅशअप. नवं संगीत शोधायची त्याची पद्धत बहुतेक इलेक्ट्रॉनिकवेड्यांसारखीच आहे. एखाद्या डीजेचा तासाभराचा सेट ऐकायचा, मध्येच कान टवकारले की गाणं ओळखणारं शझाम ॲप लावायचं, ते हरलं की सेटखाली जाऊन ‘बेचाळिसाव्या मिनिटाला काय वाजलं?’ असं विचारायचं. याला ‘आयडी मागणं’ म्हणतात. उत्तर मिळालं की त्या निर्मात्याच्या पानावर जायचं, त्याने कोणाकोणाचे ट्रॅक लाइक केलेत ते चाळायचं आणि तिथून पुढच्याच्या पानावर. अल्गोरिदमपेक्षा माणसांची ही साखळी त्याला जास्त भरवशाची वाटते. मलाही.

अशाच एका साखळीच्या टोकाला त्याला एक ड्रम अँड बेस (वेगवान ड्रम आणि जड बेसची इलेक्ट्रॉनिक शैली) ट्रॅक सापडला. निर्माता छोटा, श्रोते शेकड्यांत. वेग १७४ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १७४ ठोके, स्केल (गाणं ज्या सुरांत बांधलेलं असतं तो संच) सी मायनर, गायन अजिबात नाही. तो ऐकता ऐकता रवच्या डोक्यात एका जुन्या, संथ आणि भरपूर गाजलेल्या गाण्याचा आवाज सुरू झाला. ते गाणं ८६ बीपीएमचं, एफ मायनरमधलं.

ज्यांनी कधी मॅशअप केलेला नाही त्यांच्यासाठी इथे जरा थांबतो, कारण पुढचा सगळा गुंता या जुळणीतून सुरू होतो. १७४ चं निम्मं ८७. म्हणजे ८६ चं गाणं जेमतेम एक टक्क्याने पळवलं की ड्रमच्या दोन ठोक्यांत गाण्याचा एक ठोका नेमका बसतो. वर गाणारी निवांत, खाली ड्रम दुप्पट वेगाने धावताहेत. हेच गाणं १२८ च्या हाउस या नाचाच्या शैलीतल्या ट्रॅकवर चढवायला गेलात तर आवाज जवळजवळ दीडपट वेगाने पळवावा लागतो आणि गाणारीची गाडी सुटत असल्यासारखं वाटतं. स्केलही जुळत होत्या. डीजे लोक ज्याला कॅमलॉट चक्र म्हणतात त्या घड्याळासारख्या चक्रावर एफ मायनर ४ए वर येतो आणि सी मायनर ५ए वर. शेजारच्या स्केल एकावर एक ठेवल्या तर सहसा खटकत नाहीत.

गाण्यातून गाणाऱ्याचा आवाज वेगळा काढणं आता सोपं झालंय. पूर्वी १२ इंची सिंगलवर, म्हणजे एकाच गाण्याच्या मोठ्या रेकॉर्डवर, कधीकधी नुसत्या गायनाची आवृत्ती असायची, ती शोधत फिरावं लागे. नाहीतर गाण्याची नुसती वाद्यांची आवृत्ती मिळवायची, तिची फेज, म्हणजे ध्वनीची लहर, उलटी करून मूळ गाण्यात मिसळायची. वाद्यं एकमेकांना खाऊन टाकत आणि आवाज उरे, तोही बऱ्यापैकी खरखरीत. २०१९ मध्ये डीझर या संगीत कंपनीने स्प्लीटर हे साधन सगळ्यांसाठी खुलं केलं, डेमक्ससारखी साधनंही आली आणि कोणत्याही गाण्याचा आवाज, ड्रम, बेस काही मिनिटांत सुटे होऊन हाती येऊ लागले. साधनं मोकळी झाली, हक्क मात्र होते तिथेच राहिले. हा फरक रवला तेव्हा जाणवला नव्हता.

छोट्या निर्मात्याला त्याने मेसेज करून विचारलं होतं, ‘तुझा ट्रॅक वापरू का?’ उत्तर आलं ‘बिनधास्त’, पुढे एक हार्ट. आवाजाच्या बाजूने कोणालाच विचारलं नाही. इथे माझा गुन्हा येतो. रवने मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, ‘फुकट देतोयस, पैसे घेत नाहीस, तुला कोण विचारणार?’ वर वर्णनात टाकायला एक ओळही सुचवली: ‘फक्त प्रचारासाठी, सर्व हक्क मूळ मालकांचे.’ ही ओळ हजारो मॅशअपखाली असते आणि तिने कोणाचंही संरक्षण होत नाही. माल दुसऱ्याचा आहे हे आपल्याला ठाऊक होतं, एवढं मात्र ती लेखी कबूल करते.

मॅशअप रवच्या ऑडिओ पानावर गेला, शीर्षकात दोन्ही कलाकारांची नावं, शेवटी ‘रव मॅशअप’. फुकट डाउनलोडचं बटण होतं, पण आधी फॉलो आणि रीपोस्ट करायचं, मग फाइल मिळायची. व्हिडिओ साइटवरही एक स्थिर चित्र लावून तोच ट्रॅक टाकला.

अडचण

पहिले काही दिवस नेहमीसारखे गेले. मग नवे मॅशअप गोळा करून देणाऱ्या एका मोठ्या चॅनेलने तो उचलला, पाठोपाठ एका बऱ्यापैकी नाव असलेल्या डीजेने सेटमध्ये वाजवला. त्या सेटखाली लोक आयडी मागू लागले. रवच्या पानावर चार वर्षांत जेवढे श्रोते आले नव्हते तेवढे दोन आठवड्यांत आले.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी मेल आला: आवाजाचे हक्क असलेल्या लेबलच्या (गाणी बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या) तक्रारीवरून ट्रॅक काढला आहे, खात्यावर एक स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाची नोंद. त्याच दिवशी व्हिडिओ साइटवरून वेगळी सूचना आली. तिथे व्हिडिओ जागेवरच होता, फक्त त्यावरच्या जाहिरातींचं उत्पन्न हक्कधारकाकडे जाणार होतं. पहिली कारवाई म्हणजे काढून टाकण्याची नोटीस, दुसरी म्हणजे स्वयंचलित दावा. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा २००७ पासून हेच दुसरं काम करते आणि अशा दाव्याने स्ट्राइक लागत नाही. रवने दोन्ही सूचना एकच समजल्या. घाबरून त्याने व्हिडिओ स्वतःच काढून टाकला, जो खरं तर राहिला असता.

त्या रात्री त्याने घेतलेला दुसरा निर्णय या प्रकरणातला सर्वांत महागडा ठरला. ट्रॅक ३ टक्के वेगाने पळवून, म्हणजे सूर साधारण अर्धा सेमीटोन चढवून, शीर्षकातून गायिकेचं नाव काढून त्याने तोच मॅशअप पुन्हा चढवला. हिशोब असा की मशीनला ओळखता येणार नाही. ही ओळख पटवणाऱ्या यंत्रणा गाणं आपल्यासारखं ऐकत नाहीत. त्या ध्वनीतल्या ठळक बिंदूंचा नकाशा काढतात, कोणत्या क्षणी कोणती कंप्रता (फ्रिक्वेन्सी) उसळली याचा, आणि तो नकाशा साठ्यातल्या नकाशांशी ताडून बघतात. सुरुवातीच्या यंत्रणा वेग बदलला की चकायच्या, म्हणूनच ही युक्ती अजून तोंडोतोंडी फिरते. हल्लीच्या यंत्रणा एवढा फरक गृहीत धरूनच चालतात. चार दिवसांत दुसरा स्ट्राइक. तिसऱ्याला खातं कायमचं बंद होणार होतं, आणि त्या खात्यावर त्याचे आणखी बारा मॅशअप होते, ज्यांतल्या एकाचीही परवानगी नव्हती.

पर्याय

दुसऱ्या स्ट्राइकनंतर आम्ही तिघं बसलो. रव लढायच्या तयारीत होता. त्याने २००४ च्या ‘ग्रे अल्बम’चं उदाहरण काढलं. डेंजर माउसने जे-झीच्या ‘ब्लॅक अल्बम’मधलं गायन बीटल्सच्या ‘व्हाइट अल्बम’मधल्या तुकड्यांवर चढवलं, बीटल्सच्या मुद्रणांचे हक्क असलेल्या ईएमआयने वितरण थांबवायला सांगितलं आणि त्याच्या निषेधात २४ फेब्रुवारी २००४ रोजी कितीतरी साइटनी तो अल्बम एकाच दिवशी लोकांना उतरवून घ्यायला दिला. साद शांतपणे म्हणाली, ‘त्यातलं रॅप नुसत्या गायनाच्या आवृत्तीत अधिकृतपणे बाजारात आलं होतं. अडलं ते दुसऱ्या बाजूवर. तुझंही तसंच आहे, फक्त बाजू उलटी.’

पहिला पर्याय प्रति-नोटिशीचा, म्हणजे तक्रारीला लेखी हरकत घेण्याचा. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याच्या चौकटीवर चालणाऱ्या साइटवर ती देता येते. तक्रारदाराने दावा दाखल केला नाही तर १० ते १४ कामकाजी दिवसांत ट्रॅक परत येतो. मात्र आपलं खरं नाव आणि पत्ता तक्रारदाराला जातो, आणि ट्रॅक चुकून काढला गेला अशी आपली प्रामाणिक समजूत आहे हे खोट्या साक्षीच्या शिक्षेला पात्र राहून लिहून द्यावं लागतं. रवचा ट्रॅक चुकून काढला गेला नव्हता. त्याने दोन कडव्यांचं अख्खं गायन घेतलं होतं. हा पर्याय आम्ही दहा मिनिटांत सोडला. रव चिडला, पण त्यानेही सोडला.

दुसरा, रीतसर परवानगी. इथे पहिल्यांदा मोजलं तर हक्क चार निघाले: छोट्या निर्मात्याचं ध्वनिमुद्रण आणि त्याची रचना, गायिकेचं ध्वनिमुद्रण आणि त्या गाण्याची रचना, म्हणजे शब्द आणि चाल. ‘बिनधास्त’ने यांतले फार तर दोन सुटत होते. गायनाचं ध्वनिमुद्रण लेबलकडे, रचना प्रकाशकांकडे. रवने दोघांनाही लिहिलं. प्रकाशकाकडून आपोआप जाणारं एक उत्तर आलं, लेबलकडून काहीच नाही. कोणी ओळखत नसलेल्या मुलाच्या विनंतीसाठी मोठ्या लेबलात कोणी फाइल उघडेल अशी अपेक्षा मुळात भाबडी होती.

तिसरा पर्याय होता मॅशअप सुटा न ठेवता लांब मिक्समध्ये वाजवायचा. मिक्सक्लाउड ही साइट याच पायावर उभी आहे. रेडिओच्या कार्यक्रमासारखे मिक्स, त्यांसाठी हक्कसंस्थांशी आणि लेबलांशी करार, डाउनलोड नाही. कायद्याच्या अंगाने हा मार्ग सगळ्यांत निर्धोक. तोटा असा की ज्याला मॅशअप आवडला तो मित्राला फक्त तेवढाच तुकडा पाठवू शकत नाही, तासाभराची लिंक पाठवावी लागते आणि सोबत ‘सदतिसाव्या मिनिटाला जा’ असं लिहावं लागतं. अशी लिंक फार लांब जात नाही.

चौथा पर्याय सादने सुचवला. आवाज नव्याने गाऊन घ्यायचा. मूळ ध्वनिमुद्रण वापरलंच नाही तर लेबलचा प्रश्न मिटतो आणि उरतो फक्त रचनेचा हक्क. अशा नव्याने गायलेल्या आवृत्तीसाठी, म्हणजे कव्हरसाठी, अनेक ठिकाणी ठरलेली परवाना-पद्धत असते. देशागणिक तपशील बदलतात, पण ढोबळ नियम असा की मांडणी आपल्या ढंगाने करता येते, मूळ चाल आणि गाण्याचं स्वरूप बदलता येत नाही. रिमिक्सला किंवा मॅशअपला ही सवलत नाही, कारण त्यांत मूळ मुद्रणच वापरलेलं असतं.

‘पण मग गंमत काय राहिली?’ रव म्हणाला. ‘लोकांना तो आवाज ओळखीचा आहे म्हणूनच ते थांबतात.’

‘मग लोक कोणासाठी येतात, तुझ्यासाठी की तिच्यासाठी?’ साद म्हणाली.

यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. ज्या ओळखीमुळे माणूस अर्ध्या सेकंदात थांबून ऐकतो, तीच ओळख मशीनच्या नकाशात सापडते. श्रोते आणणारी आणि नोटीस आणणारी गोष्ट एकच होती.

काय केलं

आधी आग विझवली. बाराही मॅशअप रवने स्वतःच खाजगी केले आणि त्याच संध्याकाळी सगळ्या फाइल, प्रोजेक्ट आणि ट्रॅकखालच्या प्रतिक्रिया उतरवून घेतल्या. काढल्या गेलेल्या ट्रॅकखालच्या प्रतिक्रिया मात्र त्याच्यासोबतच गेल्या होत्या. त्यांत दोन डीजेंनी फाइल मागितली होती आणि त्यांची नावं रवने कुठेही टिपून ठेवली नव्हती. लिंक असलेल्यालाच दिसेल अशा पद्धतीने मॅशअप ठेवायचा विचारही झाला, पण पुष्कळ साइटवर तपासणी फाइल चढवतानाच होते, सार्वजनिक करताना नव्हे. दुसऱ्या स्ट्राइकनंतर त्या जुगाराला अर्थ नव्हता.

मग दोन शनिवार-रविवार एक किचकट काम केलं. प्रोजेक्ट उघडून प्रत्येक पट्टीला रंग दिला: उसनं ते लाल, परवानगीचं ते पिवळं, स्वतःचं ते हिरवं. मला वाटलं होतं हिरवं फारसं निघणारच नाही. पण दुसऱ्या ड्रॉपपासून (चढत गेलेलं संगीत थांबून ड्रम आणि बेस एकदम कोसळतात त्या क्षणापासून) पुढे, सव्वा मिनिटापेक्षा थोडं जास्त, ड्रम पूर्णपणे रवचे होते. मूळ ट्रॅकचा ब्रेकबीट (ड्रमचा तुटक ठेका) तिथे त्याला सपाट वाटला म्हणून त्याने तो काढून टाकून, घोस्ट स्नेअर (जेमतेम ऐकू येणारे हलके ठोके) घालून स्वतःचा नवा बांधला होता. बेसही स्वतः लिहिला होता. करून तो विसरूनही गेला होता. डीजेचा सेट पुन्हा ऐकल्यावर आम्हाला दिसलं की त्याने गायन अर्ध्यावर तोडून नेमका तोच भाग लांबवला होता.

छोट्या निर्मात्याशी आता लेखी ठरलं. एका पानाचा साधा मजकूर: कोणतं मुद्रण वापरायचं, कुठे प्रसिद्ध करायचं, दोघांची नावं कशी यायची, उत्पन्न निम्मं निम्मं. त्याने एका दिवसात सही करून पाठवली आणि सोबत ट्रॅकचे सुटे स्टेमही (ड्रम, बेस वगैरेंच्या वेगवेगळ्या फाइल) दिले. ते त्याला आधी कोणी मागितलेच नव्हते.

साद गायली. तिने मूळ गायिकेची नक्कल केली नाही, हे माझ्या मते या कामातलं सगळ्यांत चांगलं झालं. तिचा आवाज खर्जातला आहे, तो १७४ च्या ड्रमवर आणखी रेंगाळतो. स्केल एक पायरी खाली आणावी लागली आणि त्यापायी बेसचे खालचे सूर गढूळ झाले, म्हणून बेस पुन्हा लिहावा लागला.

गाणी संगीत साइटवर पोहोचवणाऱ्या वितरकाकडे कव्हर म्हणून नोंदवताना पहिला अर्ज परत आला. रवने शीर्षकात मूळ गायिकेचं नाव घातलं होतं, आणि संगीत दुकानं ते चालवून घेत नाहीत, कारण श्रोत्यांची दिशाभूल होते. नाव काढलं, अर्ज मंजूर झाला. पण त्याबरोबर शोधात सापडण्याचा मुख्य रस्ताही गेला. लोक मॅशअप शोधतात ते मूळ नावानेच.

बाकीच्या मॅशअपपैकी सात रवने एका मिक्समध्ये गुंफून मिक्ससाठी परवाना असलेल्या साइटवर टाकले, मिनिटासह पूर्ण ट्रॅकलिस्ट दिली, प्रत्येक मूळ निर्मात्याला कळवलं. पाच टाकून दिले. त्यांतला एक माझा आवडता होता, असो.

निष्पत्ती

तीन महिन्यांनी दोन्ही स्ट्राइकची मुदत संपली, खातं वाचलं. नवी आवृत्ती मूळ मॅशअपच्या मानाने फारच कमी ऐकली जाते. तोच चॅनेल यावेळी फिरकला नाही. सेटमध्ये वाजवणाऱ्या डीजेला रवने नवी फाइल पाठवली, त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: गायनाशिवायची आवृत्ती आहे का? होती. तो आता ती वाजवतो. छोट्या निर्मात्याने पुढच्या ट्रॅकचा अधिकृत रिमिक्स रवकडून करून घेतला, स्टेम पाठवून, नाव देऊन. पैसे नगण्य.

रव यावर खूश आहे का, तर अर्धा. जुन्या मॅशअपची चर्चा निघाली की तो अजून आकडे सांगतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या मेलनंतरचे चोवीस तास. त्या वेळेत काहीच केलं नसतं तर एका स्ट्राइकवर भागलं असतं आणि व्हिडिओही जागेवर राहिला असता. सूचना नीट वाचायला वीस मिनिटं पुरली असती. मी त्या रात्री फोनवर होतो आणि पुन्हा चढवू नकोस असं ठामपणे म्हणालो नाही.

रंगांचं काम आधी करायला हवं होतं, प्रत्येक ट्रॅक बनवतानाच. सव्वा मिनिट आपलं आहे हे रवला माहीत असतं तर त्याने ते पहिल्या दिवसापासून वेगळं, स्वतःच्या नावाने टाकलं असतं, आणि आयडी मागणाऱ्यांना तिकडे पाठवता आलं असतं.

सराव म्हणून आणि लोकांसमोर ठेवायला मॅशअपच करायचा असेल, तर क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली दिलेलं गायन मिळतं. सीसीमिक्सटर २००४ पासून अशा सुट्या गायनांचा साठा चालवतं. परवान्यात ‘रूपांतर नको’ अशी अट असेल तर ते मात्र वापरता येत नाही. रवला हे सांगितल्यावर तो म्हणाला, तिथले आवाज कोणाच्या ओळखीचे नाहीत. बरोबर आहे, ती किंमत आहेच. मला अजूनही वाटतं की पहिल्या दोन वर्षांत ती मोजायला हरकत नव्हती.

एक निर्णय बाकीच आहे. फुकट डाउनलोड झालेला जुना मॅशअप तिसऱ्याच कोणीतरी परक्या नावाने चढवला आहे, किंचित वेग वाढवून, आणि आश्चर्य म्हणजे तो टिकून आहे. रवच्या नव्या आवृत्तीपेक्षा त्याला जास्त श्रोते आहेत. गेल्या महिन्यात त्याखाली कोणीतरी विचारलं, ‘दुसऱ्या ड्रॉपचे ड्रम कोणाचे आहेत? आयडी?’ उत्तर दिलं तर काढल्या गेलेल्या ट्रॅकशी रवचं नाव पुन्हा जोडलं जाईल. साद म्हणते दे, मी म्हणतो थांब. रवने उत्तर लिहून ठेवलं आहे, पाठवलेलं नाही.